आडवं होण्यापुरती जागा: विमानतळ चालवणाऱ्यांना खुलं पत्र

जगभरातल्या विमानतळांचे संचालक, टर्मिनलची आखणी करणारे वास्तुविशारद आणि रात्रपाळीचे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या टर्मिनलमध्ये रात्री एक ते पाच या वेळात खांबाच्या आडोशाला, बॅगेवर डोकं टेकून जी माणसं झोपायचा प्रयत्न करत असतात, त्यांतली मी एक. गेल्या बारा-तेरा वर्षांत अशा रात्री किती काढल्या याचा काटेकोर हिशेब मी ठेवलेला नाही, पण तीसेक सहज भरतील. कामासाठी आणि घरच्यांना भेटायला मला सारखा लांबचा प्रवास करावा लागतो. तिकिटाचे पैसे माझेच असतात, आणि स्वस्तातलं तिकीट शोधलं की मधे एक रात्र येतेच. रात्री नऊला उतरायचं, सकाळी सातला पुढचं विमान. या दहा तासांसाठी हॉटेल घ्यायचं, तर तिकिटात वाचलेले पैसे तिथेच संपतात, कधी पदरचे आणखी घालावे लागतात. इमिग्रेशनची रांग, हॉटेलपर्यंत जायचा एक तास, परत यायचा एक तास, पहाटे चारचा गजर. एवढं सगळं करून हाती लागते तीन-चार तासांची झोप. म्हणून मी विमानतळावरच थांबते.

मला लाउंज नको आहे, गादी नको आहे, मोफत नाश्ताही नको आहे. आडवं होता येईल एवढी जागा हवी आहे, आणि ती मिळणार की नाही हे तिकीट काढायच्या आधी कळायला हवं आहे. हे पत्र एवढ्यासाठीच.

आम्ही तिथे का असतो, ते आधी सांगते. आम्हाला उठवायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बरेचदा प्रश्न दिसतो, की ही माणसं हॉटेलात का गेली नाहीत? जणू आम्ही वाट चुकून तिथे आलोय. आमची रात्र वेळापत्रकानं ठरवलेली असते. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणं बंद असतात. सिडनीत १९९५ च्या कायद्यानं रात्री ११ ते सकाळी ६ विमानांवर निर्बंध आहेत. भोवतालच्या वस्तीला झोप मिळावी म्हणून हे नियम झाले आणि ते योग्यच आहेत. ज्याच्या छपरावरून रात्रभर विमानं जातात त्याचं दुःख मी लहान मानत नाही. पण त्याचा परिणाम असा, की शेवटची विमानं अकराच्या आत उतरतात, पहिली विमानं उजाडता उजाडता सुटतात आणि मधली रात्र प्रवाशाच्या पदरात पडते. ज्याचं विमान सकाळी सहाचं आहे, त्याला चार-साडेचारला काउंटरवर उभं राहायचं असतं. बऱ्याच शहरांत त्या वेळी पहिली लोकलही सुटलेली नसते. मग तो आदल्या रात्रीच येऊन बसतो. वस्तीची झोप मोलाची आहे हे ज्या समाजानं कायदा करून मान्य केलं, त्यानं त्याच कुंपणाच्या आत अडकलेल्या माणसाच्या झोपेचाही थोडा विचार करावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

दोहा, दुबईसारख्या विमानतळांवर याच्या उलट असतं. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारी विमानं तिथे मध्यरात्रीच्या आगेमागे एकत्र येतात, प्रवाशांची अदलाबदल होते आणि पहाटेपर्यंत ती पुन्हा पांगतात. तिथे दोन वाजता दुकानं ओसंडून वाहत असतात. रात्र झाली आहे हे फक्त आपल्या डोळ्यांना कळत असतं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच: मधल्या रात्रीचं हे तिकीट आम्हाला रीतसर विकलेलं असतं आणि त्यातून विमान कंपनीला आणि तुम्हाला उत्पन्न मिळालेलं असतं. तेव्हा ही रात्र थोडीशी तुमचीही आहे.

एक प्रसंग सांगते. विमानतळाचं नाव घेत नाही, कारण असे विमानतळ बरेच आहेत. रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी बाहेरच्या हॉलमध्ये, बंद चेक-इन काउंटरांच्या समोर शाल अंथरून पडले होते. दोन सुरक्षारक्षक आले आणि टाळ्या वाजवत सगळ्यांना उठवायला लागले. टर्मिनल बंद होतंय, साडेतीनला उघडेल. आम्ही अठरा-वीस जण सामानासकट दाराबाहेर आलो. बाहेर पाऊस. समोर बस थांब्याची शेड आणि तिच्यात एकच बाक. आमच्यात एक आजोबा होते, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन काहीच महिने झालेले, मुलीकडे निघालेले. त्यांना बाकावर बसवलं, त्यांच्या पायांवर मी माझी शाल टाकली आणि तीन तास आम्ही बाकीच्यांनी उभ्यानं काढले. आजोबा दर दहा मिनिटांनी मला विचारत होते, की तुला थंडी वाजत नाही ना?

त्या रक्षकांवर माझा राग नाही. त्यांच्यातला एक जण दार लावताना आमच्याकडे बघू शकत नव्हता. माझा राग आहे तो त्या विमानतळाच्या संकेतस्थळावर. निघायच्या आधी मी ते नीट वाचलं होतं. दुकानं किती, पार्किंग कुठे, गाडी भाड्यानं कशी मिळेल, पाळीव प्राण्यांचे नियम काय, सगळं होतं. दारं रात्री बंद होतात, एवढं एकच वाक्य नव्हतं. लंडन सिटी विमानतळ रात्री बंद असतो, हे ज्याला माहीत आहे तो त्या हिशेबानं तिकीट घेतो किंवा हॉटेलचे पैसे वेगळे काढून ठेवतो. विमानतळ बंद ठेवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तो बंद असतो हे न सांगण्याचा अधिकार आहे असं मला वाटत नाही.

आता खुर्च्यांबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमची सगळी रात्र त्यांच्यावरच जाते.

विमानतळावर सगळीकडे दिसणारी रांगेतली बैठक, म्हणजे एका आडव्या तुळईवर जोडून बसवलेल्या खुर्च्या, हिचा एक फार चांगला पूर्वज आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्यानं १९६२ साली शिकागोचा ओ'हेअर आणि वॉशिंग्टनजवळचा डलेस या विमानतळांसाठी तशी बैठक घडवली. ताणून बसवलेली आसनं, साफ करायला सोपी, खाली झाडू फिरवायला मोकळी जागा, हात टेकायला दांडे. मी तिच्यावर बसले आहे, तास-दोन तासांसाठी तिच्यासारखी खुर्ची नाही. त्या हातदांड्यांत मला दुष्टपणा दिसत नाही. अनोळखी माणसाशेजारी बसताना कोपर कुठे ठेवायचं हा प्रश्न ते सोडवतात. ही बैठक तास-दोन तासांत उठून जाणाऱ्या माणसासाठी केलेली होती, आणि आठ तास थांबणाऱ्यालाही आपण तीच देत राहिलो, इथे चूक झाली. पुढे काही ठिकाणी तर सपाट बाकांवरही मधेमधे दांडे ठोकले गेले. ते कोपरासाठी नव्हते. कुणी आडवं होऊ नये म्हणून होते.

माणूस मग काय करतो, तेही तुम्ही रात्री चक्कर मारलीत तर दिसेल. दांड्यांच्या खालून कंबर सरकवून, पाय पलीकडच्या खुर्चीखाली घालून झोपलेली माणसं मी पाहिली आहेत. एका बाईनं तीन खुर्च्यांच्या दांड्यांवर बॅगा आडव्या ठेवून त्यावर मुलाला निजवलं होतं आणि स्वतः रात्रभर एक हात त्याच्या पोटावर ठेवून बसली होती. बाकीचे सगळे फरशीवर.

याला पैसे लागतात असं कुणी म्हणेल, म्हणून तोक्योजवळच्या नारिता विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलची आठवण करून देते. स्वस्त विमान कंपन्यांसाठी ते २०१५ मध्ये उघडलं आणि अगदी काटकसरीनं बांधलेलं आहे. सरकत्या पट्ट्यांऐवजी तिथे फरशीवर धावण्याच्या ट्रॅकसारखे रंगीत पट्टे आखलेत आणि लोक त्यांवरून चालत जातात. पण त्याच टर्मिनलमध्ये मुजी कंपनीचे लांब, गुबगुबीत सोफे ठेवले गेले, ज्यांवर माणूस आडवा होऊ शकतो. स्वस्त तिकिटाचा प्रवासी पहाटेच्या विमानासाठी रात्रीच येणार, हे त्या आखणाऱ्यांच्या ध्यानात आलं असावं. कमी पैशांत बांधायचं असतानाही हे सुचू शकतं.

बसून झोपणं आणि पडून झोपणं यांत एवढा काय फरक, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासाप्रमाणे ४ तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसाला तो तरीही कमीच असतो, घाबरवायचा हेतू नाही. पण नऊ तास विमानाच्या सीटवर बसून आलेल्या माणसाला तुम्ही पुढचे आठ तास पुन्हा पाय खाली सोडून बसवता आणि मग तिसऱ्यांदा, परत विमानाच्या सीटवर, बसवता. सकाळी बुटांत पाय जात नाहीत, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. दुसरी गोष्ट थंडीची. आपल्या शरीराचं तापमान पहाटेच्या सुमाराला सगळ्यात खाली गेलेलं असतं. दिवसभर चालणाऱ्या, सामान ओढणाऱ्या माणसांच्या हिशेबानं ठेवलेली वातानुकूलित हवा पहाटे चारला, निश्चल पडलेल्या माणसाला बोचते. फरशीचा गारठा वेगळाच. त्या वेळी जो-तो बॅग उघडून आणखी एक कपडा शोधत असतो, ही हालचाल मी जवळजवळ प्रत्येक विमानतळावर, जवळजवळ त्याच वेळेला पाहिली आहे.

यापेक्षा मोठा भेद मात्र सुरक्षा तपासणीच्या आतल्या आणि बाहेरच्या माणसांमधला आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. चांगल्या बैठका, शांत कोपरे, शॉवर, पाण्याचे नळ, चार्जिंगच्या जागा, हे बहुतेक सगळं आत असतं. ज्याच्याकडे एकच जोडतिकीट आहे, त्याचं सामान परस्पर पुढे जातं आणि तो आत राहतो. ज्यानं पैसे वाचवायला दोन वेगवेगळी तिकिटं काढली, त्याला सामान घेऊन बाहेर यावं लागतं आणि पुढच्या विमानाचं काउंटर पहाटे उघडेपर्यंत आत जाता येत नाही. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे आहेत, ज्याच्याबरोबर सगळ्यात जास्त सामान आहे, तोच सगळ्यात उघड्या, वाऱ्याच्या, दारांच्या उघडझापीच्या हॉलमध्ये रात्र काढतो. स्वच्छतागृहात जायचं तरी दोन बॅगा घेऊन जायचं.

कागदपत्रांचा प्रश्न यात भर घालतो. अमेरिकेत परदेशातून परदेशात जाणाऱ्यालाही आधी इमिग्रेशन पार करून देशात शिरावं लागतं. नुसतं आतल्या आत विमान बदलायची सोय तिथे नाही. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, काही पासपोर्टांवर, उदाहरणार्थ बांगलादेश, श्रीलंका, नायजेरिया, इथिओपिया यांच्या नागरिकांना, नुसत्या आतल्या भागात थांबायलाही विमानतळ-ट्रान्झिट व्हिसा लागतो. आतल्या माणसाला बाहेरच्या हॉटेलात जाता येत नाही आणि बाहेरच्याला आतल्या बाकापर्यंत पोचता येत नाही. हे कायदे तुम्ही केलेले नाहीत, मला कळतं. पण बाहेरच्या हॉलमध्ये दहा लांब बाकं ठेवायला कुठल्या परराष्ट्र खात्याची परवानगी लागत नाही.

पैसे देऊन झोपायच्या सोयी अलीकडे वाढल्या, आणि त्या वाढाव्यात. योटेल या हॉटेल कंपनीनं २००७ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर तासांवर मिळणाऱ्या छोट्या खोल्या सुरू केल्या, म्युनिकच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये झोपायच्या केबिनी आहेत, नारिताला २०१४ पासून कॅप्सूल हॉटेल आहे. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी अशी खोली घेते आणि कर्तव्य म्हणून घेते. पण अशा खोल्या मोजक्या असतात, विमान उशिरा आलं त्या रात्री त्या आधीच भरलेल्या असतात, आणि काही बाहेरच्या बाजूला असल्यामुळे ज्याच्याकडे व्हिसा नाही त्याच्या उपयोगाच्या नसतात. खरं सांगायचं तर मला एक भीती आहे: तासांची खोली विकता यावी म्हणून फुकटचं बाक गैरसोयीचं ठेवायचं, असा हिशेब कुणाच्या तरी मनात येत असेल. तो आला असेल तर कृपा करून सोडून द्या. ज्याच्याकडे खोलीचे पैसे आहेत तो बाक चांगलं असलं तरी खोली घेईल. ज्याच्याकडे नाहीत, तो बाक वाईट असलं तरी घेऊ शकणार नाही.

जिथे मनावर घेतलं गेलं तिथे काय होतं, तेही मी अनुभवलं आहे आणि ते लिहायला मला मनापासून आनंद होतो. सिंगापूरच्या चांगीत आतल्या भागात पाय लांब करून पडता येईल अशा खुर्च्यांचे कोपरे आहेत, ते फुकट आहेत आणि तिथला उजेड मंद आहे. सोलच्या इंचॉनमध्ये ट्रान्झिट प्रवाशांना शॉवर फुकट मिळतो. रात्रीच्या प्रवासानंतर गरम पाण्याखाली दहा मिनिटं उभं राहायला मिळणं म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगू शकत नाही. दोहाच्या हमद विमानतळावर, जिथे मी म्हटलं तसं रात्रच नसते, तिथे त्यांनी शांत खोल्या वेगळ्या काढल्या आहेत. या विमानतळांकडे पैसा आहे हे खरं. पण मंद दिवा आणि लांब खुर्ची या त्यांच्याकडच्या सगळ्यात स्वस्त गोष्टी आहेत.

दिवे आणि घोषणा यांबद्दल वेगळं मागणं आहे. उजेड असला की झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात कमी तयार होतं, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. सगळं टर्मिनल अंधारात ठेवा असं मी म्हणत नाही. अंधारात मला स्वतःलाही भीती वाटेल. वापरात नसलेल्या एखाद्या गेटपाशी अर्धे दिवे बंद करा, एवढंच. आणि बेवारस सामानाबद्दलची ती ध्वनिमुद्रित सूचना. शेवटचं विमान गेल्यानंतर, पुढचं सहा तास नसताना, दर पंधरा मिनिटांनी ती पूर्ण आवाजात कुणासाठी वाजत असते? निजायच्या खोलीत रात्री अचानक होणारा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. विमानतळाचा हॉल म्हणजे निजायची खोली नव्हे, मान्य. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळानं २०१८ पासून घोषणा ज्या-त्या गेटपुरत्या मर्यादित करून एकूण गोंगाट कमी केला आहे आणि तिथली विमानं वेळेवर सुटायची थांबलेली नाहीत. रात्रीपुरतं एवढं कुणालाही करता येईल.

तुमच्या कोठारात खाटा आहेत, हेही मला माहीत आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीची राख युरोपच्या आकाशात पसरली आणि दिवसेंदिवस विमानं उडाली नाहीत, तेव्हा फ्रँकफर्टच्या टर्मिनलमध्ये घडीच्या खाटांच्या रांगाच्या रांगा लागल्या होत्या. पांघरुणं वाटली गेली. बर्फाच्या वादळात दर वर्षी कुठे ना कुठे हे होतं. युरोपात २००५ पासून लागू असलेल्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीनं, विमान रद्द झाल्यामुळे रात्र काढावी लागली तर प्रवाशाला जेवण आणि हॉटेल देण्याचं बंधन विमान कंपनीवर घातलं आहे. राखेच्या त्या संकटातही हे बंधन सुटत नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयानं २०१३ मध्ये दिला. अडकलेल्या प्रवाशाला रात्री विसावा लागतो हे जगानं मान्य केलं, याचं मला समाधान आहे. ठरवून आलेली रात्र मात्र या कशातच बसत नाही. कायदेशीर हक्क मला नाही, तो मी मागतही नाही. पण राखेमुळे थांबलेल्या माणसाची पाठ आणि वेळापत्रकामुळे थांबलेल्या माणसाची पाठ सारखीच दुखते. कोठारातल्या त्या शंभर खाटांपैकी पंधरा-वीस रोज रात्री अकराला एका कोपऱ्यात मांडल्या आणि पाचला उचलल्या, तर काय बिघडेल?

तुमची अडचण कोणती, ते मी टाळून पुढे जाणार नाही. रात्री फक्त प्रवासी येत नाहीत, घर नसलेली माणसंही येतात. २०२५ मध्ये माद्रिदच्या विमानतळावर शेकडो बेघर माणसं रात्र काढतात हे जगभरच्या बातम्यांत आलं, आणि तिथे रात्री प्रवाशांपुरताच प्रवेश ठेवायचं ठरलं. दांडे ठोकले जातात ते बहुतेक त्यांच्यासाठी. मी अशा माणसांशेजारी झोपले आहे आणि मला त्यांच्याकडून कधी त्रास झालेला नाही. त्यांना निवारा देणं शहराचं काम आहे आणि शहर ते करत नाही म्हणून ती तुमच्या दारी येतात. बाकावर लोखंड ठोकल्यानं त्यांना घर मिळत नाही, ती फरशीवर झोपतात, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. तुम्हाला प्रवासी ओळखायचेच असतील तर बोर्डिंग पास किंवा तिकीट बघा. रात्री एकदा बघा, मनगटाला कागदी पट्टी बांधा आणि मग पहाटेपर्यंत आम्हाला उठवू नका. एका रात्री तीन वेगवेगळ्या पाळ्यांच्या माणसांनी मला तीनदा उठवून तेच तिकीट पाहिलं होतं.

बाई म्हणून थोडं. एकटी असताना मी जागा कशी निवडते, तर चौकशीच्या काउंटरजवळ, कॅमेऱ्याच्या टप्प्यात, जिथे एखादं कुटुंब आधीच टेकलेलं आहे तिथे. सॅकचा पट्टा पायात अडकवते, पासपोर्ट आतल्या खिशात, डोळ्यांवर पट्टी बांधायची हिंमत क्वचितच होते. म्हणजे मी सगळ्यात उजेडाची, सगळ्यात गोंगाटाची जागा सुरक्षिततेसाठी निवडते आणि झोप सोडून देते. तुम्ही एक कोपरा ठरवून दिलात आणि तिथे रात्रपाळीचा एक माणूस, शक्य असेल तिथे एक बाई, बसवलीत, तर मला यांतलं काहीही निवडावं लागणार नाही. चोरी करणाऱ्याला विखुरलेली, एकेकटी झोपलेली माणसं सोयीची असतात. एकत्र झोपलेली नसतात.

आणि तुमच्या रात्रपाळीच्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. आजवर माझ्यासाठी जे काही केलं गेलं, ते बहुतेक त्यांनी केलं आहे. एका पहाटे फरशी धुण्याचं यंत्र घेऊन आलेल्या बाईनं मला हलकेच उठवलं, तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला. तिनं खुणेनं सांगितलं, इथली फरशी ओली होईल, माझ्याबरोबर चल. मला वरच्या मजल्यावर नेलं. तिथे प्रार्थनेच्या खोलीबाहेर गालिचा घातलेली एक अरुंद पडवी होती. बोटांनी पाच दाखवून तिनं पुन्हा खूण केली, की पाचपर्यंत इथे कुणी येत नाही. तो गालिचा कुठल्याही नकाशात नव्हता. तिला माहीत होता, कारण तिचा स्वतःचा मधल्या सुट्टीतला विसावा तोच असणार. कोपरा कुठे ठेवायचा हे ठरवायला सल्लागार नेमण्याआधी तिच्यासारख्यांना विचारा. टर्मिनलमधली कुठली भिंत उबदार आहे, कुठल्या झरोक्यातून गार हवा थेट अंगावर येते, कुठल्या गेटपाशी रात्री कुणीही फिरकत नाही, हे त्यांना पाठ असतं.

आमच्या बाजूनं आम्हीही काही पाळायला हवं आणि बहुतेक जण पाळतात. वाटेत पसरू नये, एका माणसानं तीन चार्जर लावू नयेत, फोनचा गजर आवाजावर न ठेवता थरथरण्यावर ठेवावा, पाचला उठून जागा मोकळी करून द्यावी, कागद-बाटल्या उचलाव्यात. तुम्ही हे नियम पाटीवर लिहून लावलेत तर मला ते आवडेल. पाटी असणं म्हणजेच आम्ही तिथे असणार हे तुम्ही मान्य केल्यासारखं आहे.

बाकं बदलायला निविदा लागतील, खाटांना जागा ठरवावी लागेल, दिव्यांची जोडणी वेगळी करावी लागेल, यात वर्ष-दोन वर्षं जातील हे मला समजतं. पण एक गोष्ट आज संध्याकाळपर्यंत होऊ शकते. तुमच्या संकेतस्थळावर एक पान उघडा, ‘रात्री थांबणार असाल तर’ असं नाव द्या आणि लिहा: टर्मिनल रात्रभर उघडं असतं का, नसेल तर किती ते किती बंद, आत थांबता येतं की बाहेर, सुरक्षा तपासणी किती वाजता पुन्हा सुरू होते, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह कुठलं चालू राहतं, सामान ठेवायची सोय रात्री उघडी असते का. उत्तर ‘नाही’ असेल तर तसं स्पष्ट लिहा. मी रागावणार नाही, दुसरं तिकीट बघेन.

पुढच्या महिन्यात मला पुन्हा जायचं आहे, मधे नऊ तासांची रात्र आहे. तिकीट अजून काढलेलं नाही. दोन विमानतळांपैकी एक निवडायचा आहे आणि दोघांच्याही संकेतस्थळावर मी ते पान शोधते आहे.

आपली,
खांबाशेजारी झोपणारी एक प्रवासी